गोगलगाईवर लावलेली पैज

"पैसे लावावेत की नाही हा प्रश्नच उरलेला नाही, अप्पा. लोक लावतातच. आपण इथे लावू देत नाही, म्हणून रस्ता ओलांडून समोरच्या हॉलमध्ये जातात आणि तिथे लावतात."

जावई एवढं बोलला आणि सगळ्यांनी एकदम अप्पांच्या कानांकडे पाहिलं. अप्पांचा राग आधी कानांत उतरायचा. पाळ्या लाल झाल्या की घरातले लोक आपापले चहाचे कप उचलून हातात धरायचे, कारण पुढची पायरी टेबलावर मूठ आपटण्याची असायची.

पाळ्या अजून गुलाबीच होत्या.

अप्पांच्या पूल हॉलला सुट्टी होती. शटर कमरेपर्यंत खाली ओढलेलं, तीन टेबलांवर चादरी पांघरलेल्या, आणि खिडकीजवळचं जुनं पूल टेबल तेवढं उघडं. अप्पांच्या वडिलांनी ते आणलं तेव्हा आत घ्यायला म्हणे सहा पैलवान लागले होते, आणि त्यांतला एक पुढे मरेपर्यंत उताणा झोपू शकला नाही. घर वरच्या मजल्यावर होतं. घरात बैठकीची खोली होती, खुर्च्या होत्या, एक फारसा न दुखणारा सोफाही होता. पण सोयरीक असो, वाटणी असो की रुसवा, गंभीर बोलायचं झालं की सगळं कुटुंब जिना उतरून खाली यायचं आणि या टेबलाच्या कडेवर कोपरं टेकायचं.

"समोर काय आहे एवढं?" अप्पांनी विचारलं. "निळे दिवे. निळ्या दिव्यात माणूस मेल्यासारखा दिसतो."

"मेल्यासारखी दिसणारी माणसं रांग लावून उभी असतात, अप्पा," ताई म्हणाली. अप्पांची ही एकुलती लेक नवऱ्याच्या बाजूने बोलायला म्हणूनच आज माहेरी आली होती. "आपल्याकडे जिवंत दिसायला कोण येतं? परवा मी आले तेव्हा दादा एकटाच स्वतःशी खेळत होता. आणि हरत होता."

"मी डाव्या हाताने खेळत होतो," थोरला पुटपुटला.

थोरला म्हणजे ताईचा भाऊ. हॉल तोच चालवायचा. रोज सकाळी चादरी काढायच्या, खडूचे तुकडे मांडायचे, आणि संध्याकाळी जवळजवळ तेवढेच तुकडे उचलून ठेवायचे. बहिणीच्या नवऱ्याचं म्हणणं त्याला सोळा आणे पटलं होतं. पण वडिलांसमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची. लहानपणापासूनची खोड, आता केस पिकायला लागले तरी सुटली नव्हती.

"आणि तसं बघितलं तर," जावयाने आवाज मऊ केला, "पैज आपल्याकडेही आहेच. हरेल त्याने टेबल झाडायचं, हा तुमचाच नियम. मग झाडणं लावलं काय आणि पैसे लावले काय."

"वा! झाडल्याने टेबल स्वच्छ होतं. पैशाने फक्त खिसा स्वच्छ होतो."

"अप्पा, थोडं काही लावलं की माणूस मन लावून खेळतो. फुकटच्या खेळात कोण नेम धरतंय?"

"मन लावून?" अप्पा टेबलावर पुढे वाकले, आणि थोरल्याच्या बायकोने ओळखलं की आता गोष्ट येणार. तिने चहाची किटली पुन्हा सगळ्यांच्या कपांवरून फिरवली. "ऐक. या टेबलावर एक जण मन लावून खेळायचा. माझ्या वडिलांच्या वेळी. त्यांचं लक्ष नसलं की हळूच पैसे लावायचा. आधी पैसे हरला. मग घड्याळ. मग अंगातला कोट. शेवटी काही उरलं नाही तेव्हा तोंडातली कवळी काढून ठेवली टेबलावर. तीही हरला."

"शी!" वहिनी म्हणाली. थोरल्याच्या बायकोला सगळं घर वहिनीच म्हणायचं, सासूसकट.

"शी काय? जिंकणाऱ्याला ती इतकी छान बसली की तो फोटो काढून आला. पण हरलेल्याची पंचाईत. रोज जेवायच्या वेळी याच्या दारात उभा. 'जरा माझं जेवण होईपर्यंत द्या.' हा आधी जेवायचा, मग पुसून त्याला द्यायचा. तो जेवायचा, मग पुसून याला परत. दोन घरांत जेवणाच्या वेळा जमेनात, तेव्हा दोघं एकाच घरात राहायला गेले. बायका आपापल्या माहेरी."

"मागच्या वेळी ही गोष्ट कोटापर्यंतच होती," जावई म्हणाला.

"मागच्या वेळी तुमचा प्रश्नही छोटा होता, जावईबापू."

सगळे हसले, जावईही हसला, आणि तिथेच बोलणं संपलं असतं. पण ताईने कप खाली ठेवला.

"अप्पा, हसण्यावारी नेऊ नका. दादा सांगत नाही म्हणून मी सांगते. हे असंच चाललं तर हॉल बंद करावा लागेल. हो की नाही, दादा?"

थोरल्याने छताकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला पुन्हा छताकडे पाहावं लागलं.

"म्हणजे तसं बंदच असं नाही," तो म्हणाला, "पण तसं उघडंही नाही."

आता पाळ्या लाल झाल्या. सगळ्यांनी कप उचलले. मूठ मात्र आली नाही. अप्पा सावकाश उठले, भिंतीवरची आपली स्टिक काढली आणि तिच्या टोकाला खडू फिरवत म्हणाले,

"ठीक आहे. जेवण झालं की गोगलगाय मारतो. पडली, तर या छपराखाली पैशाचं नाव काढायचं नाही. कोणी नाही, कधी नाही, मी गेल्यावरसुद्धा नाही. आणि नाही पडली, तर उद्यापासून लावा पैसे. निळे दिवेही लावा. मी वर बसून मेल्यासारखा दिसेन."

अप्पांच्या बायकोने, माईंनी, कपाळाला हात लावला.

"अहो, पैज नको म्हणून पैज लावणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघतेय."

"ही पैज नाही. हा कौल आहे."

"बरं बरं. कौल गरम आहे तोवर जेवून घ्या, भात निवतोय."

*

गोगलगाय म्हणजे अप्पांचा हुकमाचा फटका. खिडकीकडच्या कोपऱ्यातल्या पॉकेटच्या वाटेत काळा बॉल आडवा ठेवायचा, अलीकडे लाल ठेवायचा, आणि पांढऱ्याने लालला असा टेकवायचा की त्याला वाटावं, कोणीतरी झोपेतून हलकेच उठवलंय. मग लाल निघायचा. इतका हळू, की बघणारे मध्येच बाहेर जाऊन पान खाऊन यायचे तरी तो वाटेतच असायचा. एकदा म्हणे एक गिऱ्हाईक लाल निघाला तेव्हा दाढी न आलेलं होतं आणि लाल पोहोचला तेव्हा त्याचं लग्न ठरलं होतं. काळ्याच्या जवळ आल्यावर लाल नम्रपणे बाजूला व्हायचा, त्याला वळसा घालायचा आणि पॉकेटात उतरायचा. सरळ जाणारा बॉल आपण होऊन वळतो कसा, हे विचारणाऱ्याला अप्पा आपलं मनगट दाखवायचे.

खरं कारण मनगटात नव्हतं. ते टेबलाच्या दाराकडच्या पायाखाली होतं. तिथे एक लाकडी पाचर ठोकलेली होती, आणि तिच्यामुळे टेबल नखभर खिडकीकडे उतरतं होतं. जोरात मारलेल्या बॉलला त्याचा पत्ता लागत नसे. रांगणाऱ्याला लागे.

ही गोष्ट घरात प्रत्येकाला माहीत होती. आणि प्रत्येकाची समजूत होती की ती आपल्या एकट्यालाच माहीत आहे.

*

वर पहिली वाढ झाली आणि थोरला हात धुऊन उठला.

"खाली पंखा चालू राहिला वाटतं," तो म्हणाला.

"राहू दे की," माई म्हणाल्या.

"नको, वीज जाते."

जिना उतरून थोरला सरळ हत्यारांच्या पेटीकडे गेला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चादरी टाकलेल्या टेबलांकडे बघत बसणं म्हणजे काय, ते वर जेवत बसलेल्यांना कसं कळणार? वडिलांना 'नाही' म्हणायची आपली छाती नाही, हे त्याला ठाऊक होतं. मग टेबलाने म्हणावं. तो पायाशी बसला, हातोडीने दोन टोले मारले, पाचर मोकळी झाली. टेबल हलकेच खाली बसलं. पाचर खिशात घालून तो वर आला आणि कोणाकडेही न बघता भात कालवायला लागला.

"बंद केलास पंखा?" अप्पांनी विचारलं.

"हो. बंदच होता."

माईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या ताटात न विचारता भाजी वाढली. खालच्या हॉलची जमीन फळ्यांची होती. तिच्यावर काही ठोकलं की वर स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं वाजायची. अप्पांना ऐकू कमी यायचं, म्हणजे सोयीचं तेवढं यायचं. माईंचे कान अजून शाबूत होते.

दुसरी वाढ होताच ताई उठली. तिचा रुमाल खाली राहिला होता.

ताईला नवऱ्याचं म्हणणं पटत होतं, पण मघाशी अप्पांनी भिंतीवरून स्टिक काढली तो क्षण तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. वाद हरणं वेगळं आणि गोगलगाय हरणं वेगळं. या फटक्यावरच तर अप्पा अप्पा होते. पैसे लावायचं पुढे कसंही जमवता येईल. म्हाताऱ्याला चारचौघांत उघडं पाडायचं नाही. पाचर तिला लहानपणापासून ठाऊक होती; टेबल उतरतं आहे, असं नवरा गेल्या भेटीत म्हणाला होता, आणि तेव्हाच त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलेलं तिने बघितलं होतं. म्हणून नुसती खात्री करायला ती खाली वाकली, तर पायाखाली पाचर नाही!

"काढली मेल्याने," ती स्वतःशी म्हणाली. मेला म्हणजे नवरा. हत्यारांच्या पेटीत चिक्कार पाचरी होत्या. तिने एक निवडली, पायाखाली सरकवली आणि जिन्याकडे कान देत हलक्या हाताने ठोकली. वर येऊन बसताना तिने नवऱ्याच्या मांडीला असा चिमटा काढला की त्याच्या हातातला घास निसटला.

"काय झालं?" जावई म्हणाला.

"काही नाही. तुम्ही जेवा. तुमचं काम झालंय ना."

जावयाला काही कळेना. त्याने अजून काहीच केलेलं नव्हतं.

मग वहिनीला आठवलं की खाली चहाचे कप तसेच पडले आहेत. "मुंग्या लागतील," असं म्हणत ती उठली, आणि जाताना ओट्यावरचा बत्ता पदराखाली घेऊन गेली.

मुंग्या आणि बत्ता, माईंनी मनात जुळवून पाहिलं. जुळेना. त्यांनी पाणी पिऊन घेतलं.

वहिनीच्या मनात बिलकूल घोळ नव्हता. रोज टेबलाखालून केरसुणी फिरवणारी ती. पाचर तिच्या ओळखीची होती. हॉलमध्ये पैसे आले की पाठोपाठ आरडाओरडा येणार, दारू येणार, आणि त्यांना चहा कोण करणार? आपणच. गोगलगाय पडलीच पाहिजे. तिने वाकून पाचर हलवून पाहिली. ती रोजची नव्हती हे अंधारात तिला दिसलं नाही, पण सैल आहे हे बोटांना कळलं. "आज नेमकी सैल व्हायची होती," असं म्हणून तिने बत्त्याचे टोले हाणले. तीन टोल्यांत पाचर मुळापर्यंत गेली. टेबल खिडकीकडे असं कललं की त्याच्यावर बसवलेलं मूल घसरगुंडी समजून हसलं असतं. वर लोणच्याच्या बरणीचं झाकण उडून ताटात पडलं.

"मुंग्या मोठ्या असाव्यात," माई म्हणाल्या.

सगळ्यात शेवटी जावई उठला, आणि तो एकटाच खरं बोलला.

"खाली जाऊन येतो जरा. टेबल बघतो."

"बघा, बघा," अप्पा दिलदारपणे म्हणाले. "नीट बघून घ्या. नंतर तक्रार नको."

जावई फरशीवाला होता. घरोघरी फरशा बसवायची कंत्राटं घ्यायचा. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तशी हा पाणसळ ठेवायचा. काचेच्या नळीतला बुडबुडा बघून कुठली जमीन किती उतरती, ते सांगायचा. लग्नाच्या बोलणीला आला तेव्हाही त्याने चहाच्या बशीआड हळूच सासऱ्याच्या टेबलावर ती ठेवून पाहिली होती, असं ताई अजून सांगते. गेल्या भेटीत बुडबुडा जरासा सरकला होता. पण टेबलं जुनी झाली की बसतात. आज त्याने ती कापडावर ठेवली आणि बुडबुडा नळीच्या टोकाला असा पळाला, जणू त्याची गाडी चुकत होती.

जावयाला धक्काच बसला. अप्पांनी? जेवायच्या आधी? अप्पांनी?

त्याला राग येण्याऐवजी वाईट वाटलं. मग वाटलं, अप्पांना हरवायचं ते मैदान सपाट करूनच. उतारावर हरवलं काय आणि उतारावर जिंकू दिलं काय, दोन्ही सारखंच. त्याने पाचर काढून कोपऱ्यात फेकली, चारही पाय तपासले, एकाखाली कागदाची घडी सरकवली, दुसऱ्याखालची काढली, आणि बुडबुडा अगदी मधोमध येऊन झोपी जाईपर्यंत स्वतः तिथून हलला नाही.

*

"या सगळे. जवळ या. पण टेबलाला टेकू नका," अप्पा म्हणाले.

त्यांनी काळा ठेवला, लाल ठेवला, पांढरा ठेवला. भोवती पाच जण उभे. थोरल्याला खात्री होती की टेबल सपाट आहे आणि अप्पा हरले. ताईला वाटत होतं की उतार पूर्वीसारखा आहे आणि अब्रू वाचली. वहिनीच्या हिशेबाने लाल बॉल आज धावतच सुटणार होता. जावई एकटा काय ते खरं जाणून होता, आणि त्याला स्वतःची लाज वाटावी की वाटू नये, हे त्याचं ठरत नव्हतं.

अप्पांनी स्टिक मागे घेतली. टक्. लाल निघाला.

तो निघाला की नाही यावरच आधी क्षणभर मतभेद होण्यासारखा होता. मग कापडावरचा एक खडूचा ठिपका त्याने ओलांडला. तो आला. आला. काळ्याच्या जवळ आला. नेहमी इथे तो नम्रपणे बाजूला व्हायचा. आज झाला नाही. सरळ आला.

"अरे," अप्पा म्हणाले. इतकंच.

लालने काळ्याला खांदा घासला. गर्दीत ओळखीच्या माणसाला घासून पुढे जावं, तसा पलीकडे गेला. वाट थोडी बदलली. दम संपत आला. पॉकेटच्या तोंडाशी पोहोचला, एकदा आत डोकावला आणि थांबला. अर्धा कापडावर, अर्धा हवेत.

कोणी श्वास घेईना.

"हलू नका," जावई कुजबुजला. "फळ्या हलल्या की पडेल."

"मग हलू द्या की," वहिनी कुजबुजली.

"खबरदार! आपोआप पडला पाहिजे," थोरला कुजबुजला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने वडिलांसमोर काहीतरी ठाम म्हटलं होतं, आणि तेही कुजबुजून.

"फरशी बसवून घेतली असती, तर आज निदान पाय तरी हलवता आले असते," जावई म्हणाला.

"आत्ता धंदा नको," ताईने दातांतून म्हटलं. "आधी पाचर काढलीत, आणि वर तोंड करून बोलता?"

"मग काढली तर काय चुकलं?"

"बघा! कबूल करतात!"

थोरला मघापासून लाल बॉलकडे बघून चक्रावला होता. सपाट टेबलावर हा तिथपर्यंत गेला कसा? "पण," त्याच्या तोंडून निघून गेलं, "पाचर तर माझ्या खिशात आहे."

आता फक्त डोळे फिरले. माना फिरवायची सोय नव्हती.

"तुझ्या खिशात कशी?" ताई म्हणाली. "मी आत्ता नवी ठोकली ना!"

"ती नवी होती होय?" वहिनी म्हणाली. "म्हणून सैल लागली. मी चांगली बत्त्याने बसवली."

"तो बत्ता होता!" माई म्हणाल्या. त्यांच्या जिवाला आत्ता कुठे स्वस्थता आली.

"म्हणजे ते अप्पांनी नव्हतं केलं?" जावयाचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "अप्पा, माफ करा. मला वाटलं तुम्हीच. मी सगळं काढून टेबल सपाट केलं."

अप्पांचे कान पाळीपासून टोकापर्यंत पेटले होते. पण मूठ आपटणं शक्य नव्हतं. त्यामुळे आयुष्यातलं सगळ्यात मोठं रागवणं त्यांना कुजबुजत करावं लागलं.

"शाबास. एका जेवणात चार जण टेबलाखाली! लहानपणी खाऊची वाटणी करताना या दोघांनी कधी कमीजास्त केलं नाही. वहिनीने दुकानदाराला चुकून जास्त आलेले पैसे परत नेऊन दिले. आणि जावईबापू, तुमच्यासारखा सरळ माणूस मी बघितला नाही. टेबलावर एक गोष्ट लावली मात्र, आणि सगळे हातोडी घेऊन रांगायला लागलात. अजून पैसे लावलेच नव्हते रे! नुसता शब्द लावला होता!"

थोरल्याचा हात खिशातल्या पाचरीवर गेला.

"पण अप्पा," ताईने हळूच म्हटलं, "ती पाचर मुळात तुमचीच ना?"

"माझीच. मग? गमतीत उतार असला तर ती गंमत. पैशात उतार असला तर ती चोरी. म्हणून तर पैसे नको म्हणतो मी इतकी वर्षं." अप्पांनी ओठांवरून जीभ फिरवली. आणि मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "थांबा. जावईबापू, मघाशी काय म्हणालात? टेबल आत्ता कसं आहे?"

"सपाट. बुडबुडा मधोमध."

"म्हणजे हा लाल तिथपर्यंत गेला, तो उतारामुळे नाही?"

"उतारच नाही, अप्पा. तुम्ही मारलात म्हणून गेला."

अप्पांनी लाल बॉलकडे पाहिलं. मग स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. इतकी वर्षं लोकांना दाखवलेलं ते मनगट आज त्यांनी स्वतः पहिल्यांदा पाहत असल्यासारखं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही पसरत गेलं, ते माईंनी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा अप्पा नवी मोटरसायकल घेऊन विहिरीत पडले होते.

"नखभर," अप्पा कुजबुजले. "नखभर कमी पडला. पुन्हा मारला तर जाईल. आवडीने जाईल. जावईबापू, काढा पैसे."

"काय?"

"लावा! दुप्पट लावा! समोरच्या निळ्या दिव्यांच्या मालकाला बोलवा. त्याला म्हणावं, सपाट टेबलावर, पाणसळ लावून, तुझ्या लोकांसमोर—"

माईंनी टेबलाच्या कडेला कंबरेने एक धक्का दिला. बारीकसा; गर्दीत पिशवी सरकवायला देतात तेवढा.

टप्.

लाल पॉकेटात उतरला.

"पडली," माई म्हणाल्या, आणि आता सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. "गोगलगाय पडली. तुम्ही जिंकलात. या छपराखाली पैशाचं नाव काढायचं नाही. कोणी नाही, कधी नाही. तुमचेच शब्द."

"हे चालणार नाही!" अप्पांनी अखेर मूठ आपटली. "तू टेबल हलवलंस!"

"चार जणांनी टेबल हलवलं, तुम्हाला माझ्या एकटीचंच दिसलं का?"

"पण मी आता... माझं म्हणणं आता..."

"तुमचं म्हणणं तुम्ही जेवणाआधी सांगितलंत. जिंकलेल्या माणसाने असा चेहरा करू नये, लोकांना वाटतं हरला. चला ग, चहा टाका."

थोरल्याने खिशातली पाचर काढली, ती पुन्हा पायाखाली घालावी का म्हणून क्षणभर बघितलं, आणि पेटीत टाकून दिली. जिन्यात त्याने जावयाला विचारलं, "मग समोरच्यांचं काय करायचं?"

"बघू," जावई म्हणाला. "पण दादा, एक सांगू? आत्ता जी धडधड झाली ना, ती समोर पैसे लावूनही कधी झाली नव्हती."

"तुम्ही समोर जाता?" मागून ताईचा आवाज आला.

जावई जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन करून चढला.

*

अप्पा एकटेच खाली राहिले. काळा ठेवला, लाल ठेवला, पांढरा ठेवला. मारला. लाल काळ्याच्या छातीवर जाऊन आदळला. पुन्हा मांडले. या वेळी काळ्यापासून हातभर लांबून गेला. तिसऱ्यांदा वाटेतच झोपला. वरून हसण्याचे आवाज येत होते. जावयाची चौकशी चाललेली असावी. अप्पा मांडत होते, मारत होते, स्वतःला शिव्या देत होते, आणि खरं सांगायचं तर वर्षानुवर्षांत इतके मजेत कधी खेळले नव्हते. पाचर होती तेव्हा गोगलगाय चुकायचीच नाही. न चुकणाऱ्या गोष्टीत मजा ती काय?

आणि मग एकदा टक् झालं ते वेगळंच झालं. ते मनगटाला आधी कळलं. लाल निघाला, सावकाश, जरासा स्वतःभोवती गिरकी घेत. काळ्याजवळ आला. नम्रपणे बाजूला झाला. सपाट टेबलावर, कोणी सांगितलेलं नसताना, त्याने काळ्याला वळसा घातला, त्याच्या अंगाला वाराही न लागू देता, आणि थेट पॉकेटात उतरला.

अप्पांनी आजूबाजूला पाहिलं. तीन टेबलं चादरी पांघरून झोपली होती. शटर कमरेपर्यंत खाली. बघणारं कोणी नाही.

"पडली!" ते जिन्याकडे धावत ओरडले. "अरे, या! पडली! सपाट टेबलावर पडली! काळ्याला न शिवता!"

वर कप खाली ठेवल्याचे आवाज आले. जिन्याच्या माथ्यावर एकामागून एक चार चेहरे उगवले आणि त्यांनी खाली पाहिलं. चौघांच्याही चेहऱ्यांवर तोच मायाळू भाव होता, कवळीची गोष्ट ऐकताना असायचा तो.

"देवाशप्पथ!" अप्पा म्हणाले. "खोटं वाटतं?"

चौघांच्या मागून, स्वयंपाकघरातून, माईंचा शांत आवाज आला.

"लावता पैज?"

अप्पांचा हात खिशाकडे गेला. अर्ध्या वाटेतून परत आला. मग ते वळले, पॉकेटातून लाल बॉल काढला आणि पुन्हा जागेवर ठेवला.